ह्युबर्ट घरान नाय

माजिवड्याच्या ह्युबर्ट मिस्किटाचा ट्रम्पेट कापूरबावडीच्या नाक्यापर्यंत ऐकू जायचा, पण तो स्वतः बोलायला लागला की समोरच्याला कान पुढे करावा लागे. लोकर गिरणीच्या स्टोअरमध्ये त्याने नोकरीची सगळी वर्षं काढली आणि तिथे त्याचा आवाज कुणी मोठा ऐकल्याचं स्मरणात नाही. गिरणीतून मोकळा झाल्यावर त्याने बँडकडे पुरतं लक्ष दिलं. बँड त्याच्या बापाचा. चर्चमधल्या लग्नांना तर तो वाजेच, पण खरी कमाई आगरी-कोळ्यांच्या हळदींवर. कोलशेत, काल्हेर, कशेळी, पार शीळफाट्याच्या अलीकडची गावं. त्या पट्ट्यात मिस्किटाचा बँड नसला तर नवरदेव घोड्यावर नीट बसत नाही असं म्हणत.

पण ह्युबर्टची एक अडचण होती. त्याला नाही म्हणता येत नसे आणि हो म्हणून वर काही मागता येत नसे. वरात गावाला दोनदा फिरवा म्हटलं की दोनदा फिरवायची. जेवणाची पंगत उठून, पातेली खरवडून झाली की मग बँडवाल्यांची आठवण होई, आणि गार भात ताटात पडे. बँडची माणसं कुरकुरत. ह्युबर्ट म्हणे, पुढच्या लग्नात सांगतो. त्या पुढच्या लग्नाची तारीख काही लागत नसे.

घरात फोन आला तो त्याच्या बायकोच्या, लुर्दसच्या चिकाटीमुळे. अर्ज केला तेव्हा त्यांची मुलगी फ्रॉक घालून शाळेत जात होती. फोन आला तेव्हा ती लग्न होऊन वसईला नांदत होती. काळा, जड, तबकडीचा फोन. दिवसा त्यावर बँडच्या सुपाऱ्या येत आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर उत्तनहून लुर्दसच्या बहिणीचा, व्हिक्टोरियाचा फोन येई. तो अर्धा तास चाले आणि तेवढ्या वेळात सुपारी आली तर तिने दार वाजवावं, असा घरचा नियम होता.

एक्क्याण्णव साली, माघातल्या लग्नांच्या ऐन तोंडावर, पाण्याच्या पाइपासाठी नाक्यापासून रस्ता खणायला घेतला. खणणारे आले, खणून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्युबर्टने रिसीव्हर उचलला तर आत काहीच नाही. शंख कानाला लावला तर निदान घरघर तरी येते. इथे तीही नव्हती.

लुर्दसने फोन ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या फडक्याने पुसला. ह्युबर्टने बोलायच्या बाजूची जाळी फिरवून काढली आणि ट्रम्पेटमधली थुंकी काढताना मारतात तशी आत जोरात फुंकर मारली. थोडी धूळ उडाली, एवढंच. शेजारी म्हणाला, यंत्रच गेलं असेल. तेव्हा ह्युबर्टने ते पिशवीत घालून त्याच्याच घरी नेलं, त्याच्या तारेला जोडून पाहिलं, तर खणखणीत वाजलं. म्हणजे यंत्र ठीक होतं; दुखणं तारेत, रस्त्याखाली कुठेतरी होतं. शेजाऱ्याला पुन्हा त्रास नको म्हणून औषधाच्या दुकानातून त्याने तक्रारीचा नंबर फिरवला. तो बराच वेळ एंगेज, मग बराच वेळ नुसता वाजत राहिला, आणि अखेर एका आवाजाने तक्रार घेतली आहे असं सांगून ह्युबर्टने नंबर सांगायच्या आत फोन ठेवला.

मग तो ठाण्याला टेलिफोनच्या ऑफिसात जाऊ लागला. तक्रारींच्या खिडकीत देवस्थळी नावाचे गृहस्थ बसत. शर्टाची इस्त्री कडक, बोलणं फार शुद्ध आणि फार सभ्य. ते कुणावर कधी चिडत नसत, आणि कुणाचं काम झाल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या खेपेला त्यांनी नोंद झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं की लाइनमन घरी जाऊन आला, दाराला कुलूप होतं. लुर्दस मिस्सा सोडून घराबाहेर पडत नव्हती, पण हे ह्युबर्टच्या ओठांवर येईपर्यंत मागच्या माणसाने कोपर घातलं होतं. तिसऱ्या खेपेला देवस्थळी म्हणाले की टेस्टिंगमध्ये लाइन उत्तम दाखवते आहे.

"पण साहेब, फोन बंद आहे," ह्युबर्ट म्हणाला.

"आपण जरा मोठ्याने बोलाल का?"

"बंद आहे."

देवस्थळींनी शांतपणे स्वतःच्या टेबलावरचा फोन ओढला आणि ह्युबर्टसमोर त्याचा नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी उचलला. देवस्थळींनी नमस्कार म्हटलं, मिस्किटा यांचंच घर ना विचारलं, मग बरं, बरं, हो, जेवलो, असं काहीबाही बोलून रिसीव्हर खाली ठेवला.

"चालू आहे. आपल्या मातोश्रींनी उचलला. आपण घरी नाही म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. आपण इथे आहात."

ह्युबर्ट खिडकीपासून बाजूला झाला तो थेट तलावपाळीच्या कठड्यावर जाऊन बसला. त्याची आई चर्चच्या आवारात, मागच्या भिंतीजवळ, कित्येक वर्षांपूर्वी पुरलेली होती. तिने हयातीत फोनला हात लावला नव्हता. घरी येऊन त्याने लुर्दसला सांगितलं. तिने आधी रिसीव्हर उचलून पाहिला, तो होता तसाच मुका, मग छातीवर क्रूस केला. दुसऱ्या दिवशी ती सासूच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आली. तिथे तिने हात जोडून एवढंच म्हटलं म्हणे की बोलायचंच असेल तर लोकांशी कशाला, घरच्यांशी बोला.

त्याच आठवड्यात काल्हेरचे दाजी पाटील दारात उभे राहिले. मुलाच्या लग्नाची सुपारी द्यायला आले होते. हातात नारळ, केळ्यांची फणी, आणि मधाची एक बाटली. आत येऊन बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा ह्युबर्टच्या छातीची चौकशी केली. ह्युबर्टने शर्टाकडे पाहिलं. दाजी म्हणाले, लपवू नका, तुमच्या आईने फोनवर सगळं सांगितलं. पोराची छाती नाजूक आहे, तर वरात गावाला एकदाच फिरवायची आणि बँडला आधी जेवू घालायचं. उपाशी माणसाने फुंकलं तर नवरीला लागतं. दाजींना ही शेवटची गोष्ट माहीत नव्हती, पण जुनी माणसं उगाच बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

लुर्दस स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने चहा आणून ठेवला आणि विचारलं, आईंचा आवाज कसा वाटला. चांगला ठणठणीत होता, दाजी म्हणाले.

काल्हेरच्या लग्नात बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला पाटावर बसवलं. गरम भात, वर सुकटीचा रस्सा. क्लॅरिनेटवाल्या प्रभाकरने पहिला घास घेऊन ह्युबर्टकडे असं पाहिलं की जणू त्याने कुठल्या तरी मंत्र्याची ओळख काढली होती. ह्युबर्ट खाली मान घालून जेवला. आपण काहीच केलेलं नाही हे त्याला सांगायचं होतं, पण मग कुणी केलं, हेही सांगावं लागलं असतं.

लग्न आटोपल्यावर मात्र त्याला राहवेना. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून तो फोनपाशी गेला. आतापर्यंत त्याने स्वतःचाच नंबर कधी फिरवला नव्हता, त्यामुळे बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा घंटी गेली आणि लगेच उचलला.

"कोन हाय?"

आवाज बाईचा, म्हातारा, आणि त्याच्या आईचा नव्हता. ह्युबर्टच्या जिवात जीव आला. त्याने विचारलं, मिस्किटांचं घर का.

"हाय. काय काम?"

"ह्युबर्ट आहे का?"

"ह्युबर्ट घरान नाय. लगीन असंल तर तारीख सांग. हलद असंल तर टायम सांग. आनि लांब असंल तर टेम्पो तुजा."

"मीच ह्युबर्ट."

"मंग फोन कशाला करतंस? घरी ये."

"कुठल्या घरी?"

तिने पत्ता सांगितला. बाळकुम, मारुतीच्या देवळामागे, खाडीकडे उतरणारी वाट, दगडाबाईचं घर कुणीही दाखवेल.

ह्युबर्ट सायकलवर गेला. माजिवडा ते बाळकुम अंतर काही मोठं नाही, पण वाटेत तो दोनदा उतरला. काय बोलायचं ते ठरवायला पहिल्यांदा, आणि ठरवलेलं विसरल्यावर दुसऱ्यांदा. घराबाहेर ओसरीवर दगडाबाई बोंबील साफ करत बसली होती. सत्तरीची, काटक, कासोटा घट्ट, नजर त्याहून घट्ट. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि निराश झाल्यासारखं तोंड केलं. तिला वाटलं होतं, ट्रम्पेटवाला म्हणजे अंगाने दांडगा असेल.

आत कोनाड्यात, भरतकामाचं कव्हर घातलेला, फोन होता. ह्युबर्टच्याच फोनसारखा काळा.

गोष्ट अशी होती. दगडाबाईचा मुलगा भिवाजी खाडीत रेतीची बोट चालवी. धंद्याला फोन हवा म्हणून त्याने अर्ज केला. दीडेक वर्षापूर्वी टेलिफोनची माणसं आली, तार ओढली, यंत्र बसवलं, नंबर मागाहून मिळेल म्हणून सांगून गेली, आणि मागाहून काही आलं नाही. मुका फोन कोनाड्यात बसून राहिला. दसऱ्याला दगडाबाई त्याला हळदकुंकू वाही. शेजारणी विचारत, बोलतो का गो? ती म्हणे, बोलंल. आणि रस्ता खणला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो खरंच बोलला. कुणी तरी रस्त्याखालच्या तारा पुन्हा जोडताना ह्युबर्टचा नंबर बाळकुमला पोचवला होता.

पहिले काही दिवस तिने प्रत्येकाला खरं ते सांगितलं, इथे ह्युबर्ट नाही. लोक फोन ठेवत आणि पुन्हा तोच नंबर फिरवत. मग एकदा कोलशेतची एक बाई फोनवर रडायला लागली. पोरीची हळद तोंडावर आली होती आणि बँड ठरायचा होता. दगडाबाईला तिला तसं टाकवेना. तिने तारीख विचारून घेतली, तिथीच्या हिशेबाने डोक्यात ठेवली आणि म्हणाली, माजिवड्याला त्याच्या घरी जा, विसार दे, आणि सांग की तुजा फोन माज्या घरी वाजतो. प्रत्येकाला ती हे सांगत असे. प्रत्येक जण विसार घेऊन माजिवड्याला गेला आणि फोनचं सांगायचं विसरला. लग्नघरच्या माणसाच्या डोक्यात निरोप अर्धाच राहतो. आई म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनीच ते धरून घेतलं, आणि तिने ते सोडवलं नाही.

छातीचं काय, ह्युबर्टने विचारलं.

"तुला मी कदी बगितला नव्हता. म्हटलं, एवरा फुकतंस, छाती दुखत असंल."

मग तिने पाट दिला, बोंबील तळले, आणि तो खात असताना डोक्यातल्या सगळ्या तारखा एकामागून एक सांगितल्या. ह्युबर्टच्या लक्षात आलं की यंदाइतकं काम बँडला कधीच मिळालं नव्हतं, आणि एकाही वरातीला दोन फेऱ्या नव्हत्या.

तो निघताना ती दारापर्यंत आली. आता कळलं, तर आता नेशील ना फोन, असं तिने विचारलं. विचारताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, कोनाड्याकडे बघत होती. भिवाजी पहाटे बोट घेऊन जातो, सून कारखान्यात जाते, दिवसभर घरात कुणी बोलायला नसतं, हे तिने सांगितलं नाही, पण ह्युबर्टने ते ऐकलं. तो म्हणाला, घाई नाही.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी सायकलने बाळकुमला जाऊ लागला. तारखा घ्यायच्या, बरोबर काहीतरी खायचं, अंधार पडायच्या आत परत. तिला तो आये म्हणू लागला. ऑफिसात जाणं त्याने थांबवलं. बँडची माणसं खूश होती. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि चाललंही असतं, पण रविवार होता ना.

व्हिक्टोरियाचा फोनही बाळकुमलाच वाजत होता. पहिल्या रविवारी ती गोंधळली, दुसऱ्या रविवारी तिने दगडाबाईला आपल्या गुडघ्याचं सांगितलं, आणि पुढे सुनेचंही सांगितलं. त्यामुळे लुर्दसला सख्ख्या बहिणीच्या घरची बातमी ह्युबर्टच्या तोंडून, बाळकुममार्गे, आणि वर दगडाबाईचा सल्ला लावून मिळू लागली. तेही तिने सोसलं. मग एका रविवारी ती स्वतः मिस्सानंतर ह्युबर्टच्या मागे सायकलवर बसून बाळकुमला गेली. फोन वाजला, तिने उचलला, चार वाक्यं झाली, आणि व्हिक्टोरिया म्हणाली, जरा आजींना दे ना, त्यांना गुडघ्याचं सांगायचं राहिलंय.

लुर्दस घरी आल्यावर बोलली. तिला तिचा फोन तिच्या घरात हवा होता.

ह्युबर्टने दगडाबाईला हे सांगायला संध्याकाळभर वेळ घेतला. तिला मात्र ते एका क्षणात कळलं. तुझाच आहे तो, घेऊन जा, असं ती म्हणाली. पण ऑफिसात मीपण येणार. माझा कुठे राहिला ते मला त्यांना विचारायचंय.

दोघं बसने ठाण्याला गेली. दगडाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. खिडकीशी ह्युबर्टने नेहमीप्रमाणे हळू आवाजात सुरुवात केली, देवस्थळींनी नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलायला सांगितलं, तेव्हा दगडाबाईने त्याला बाजूला सारलं आणि सगळी हकिकत तिने सांगितली. ती पहिलं वाक्य बोलली तसे देवस्थळी चष्मा काढून उभे राहिले.

"मातोश्री, आपण?"

ह्युबर्टच्या दर तक्रारीनंतर ते लाइन तपासायला फोन लावत. प्रत्येक वेळी तिने त्यांना जेवलास का विचारलं होतं. त्या खिडकीत बसल्यापासून ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी दोघांना आत बोलावून खुर्च्या दिल्या आणि अतिशय दिलगिरीने अडचण समजावली. मिस्किटा यांचा नंबर वाजतो आणि उचलला जातो, म्हणून तो बंद नाही. आजींना नंबर अजून मिळालेलाच नाही, म्हणून तोही बंद असू शकत नाही. दोन्हीकडून पाहिलं तर तक्रार उरत नाही.

"मंग इतके दिस तुज्याशी बोल्ली कोन?" दगडाबाईने विचारलं.

यावर देवस्थळींनी चष्मा पुन्हा चढवला. शेवटी ते म्हणाले की ते एक करू शकतात. प्रत्यक्ष माणसं समोर आलीच आहेत, तर लाइनमन पाठवून तार पुन्हा माजिवड्याला जोडून देता येईल, उद्याच. मात्र मग बाळकुमचा फोन बंद होईल, आणि नवे नंबर कधी सुटतील ते सांगता येत नाही.

दगडाबाई म्हणाली, जोड. ह्युबर्टने तिच्याकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, फोटो काढून घ्यायला बसावं तशी. आणि मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा, कुणी मोठ्याने बोला न सांगता, मोठ्याने म्हटलं, "नको, साहेब. माझा बंदच राहू दे. यांना नंबर मिळेल त्या दिवशी माझा जोडा. तोवर मी रोज येऊन तक्रार करीन."

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. देवस्थळींना लोक रोज येऊन फोन चालू करा म्हणत. बंद ठेवण्यासाठी रोज येणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

घरी लुर्दस किती रागावली ते सांगण्यात अर्थ नाही. ह्युबर्ट मात्र शब्दाला जागला. तो रोज ऑफिस उघडताना खिडकीशी जाई, फोन बंद आहे असं खणखणीत सांगे आणि परत येई. बँडची माणसं म्हणू लागली की म्हाताऱ्याला कंठ फुटला. तिकडे दगडाबाई देवस्थळींना लाइन तपासायच्या दुपारच्या फोनवर जेवणाबरोबरच नंबराचंही विचारू लागली. सकाळी एक आणि दुपारी दुसरी. देवस्थळी तरी किती दिवस टिकणार. ते वरच्या साहेबांकडे गेले, असं म्हणतात, आणि पावसाळ्याच्या आत दगडाबाईचा नंबर सुटला.

लाइनमन पोपट शिडी घेऊन आधी बाळकुमला आला. दगडाबाईचं यंत्र उचलून पाहतो तर चालू. त्याने चालू आहे असं लिहून घेतलं आणि तो माजिवड्याला गेला. तिथलं यंत्र बंद. त्याच्याकडे जोडायला एक नवा नंबर होता आणि समोर एक मुकी तार होती. त्याने दोन्हींची गाठ घालून दिली, लुर्दसच्या हातचा चहा घेतला आणि गेला.

दोन दिवसांनी ह्युबर्टच्या ध्यानात आलं की आपल्या घरी दगडाबाईचा नंबर आला आहे आणि आपला जुना नंबर बाळकुमलाच राहिला आहे. तो टोपी घालून ऑफिसात जायला निघाला. लुर्दसने त्याला दारात थांबवलं. तिने विचार केला होता. तिला फोन हवा होता, तो आला. व्हिक्टोरियाला नवा नंबर ती पत्राने कळवेल. राहिल्या सुपाऱ्या, तर त्या जिथे चांगल्या ठरतात तिथेच ठरू देत. टोपी काढ, ती म्हणाली.

तसंच राहिलं. बिलं मात्र उलटी यायची. महिना उलटला की ह्युबर्ट एक घेऊन जाई आणि एक घेऊन येई. बँड पुढेही बरीच वर्षं वाजला, आणि त्याला वाजवायला बोलवायचं तर आधी दगडाबाईला पटवावं लागे. ती कडू बोले, भाव पाडू देत नसे, आणि अमावास्येची हळद ठरवणाऱ्याला फोनवरच दटावत असे. माजिवड्याच्या घरात फोन वाजला की लुर्दस उचलते. तो कधीच ह्युबर्टसाठी नसतो. तो ओसरीवर बसून ट्रम्पेटला पॉलिश करत असतो, आणि घंटी ऐकून मानसुद्धा वर करत नाही.